हिप्पोक्रेटिस, सेल्सस की गेलेन : ग्रीक-रोमन वैद्यकाचे वाचन कोठून सुरू करावे?

प्राचीन ग्रीक-रोमन वैद्यक मूळ ग्रंथांच्या अनुवादांतून वाचू इच्छिणाऱ्यापुढे तीन नावे येतात आणि तिघांचा विस्तार व स्वर इतका निराळा आहे की सुरुवातीची निवड विचारपूर्वकच करावी लागते.

हिप्पोक्रेटिसच्या नावावरील साठेक ग्रंथ अनेक वैद्यांनी, मुख्यतः इ. स. पूर्व पाचव्या-चौथ्या शतकांत लिहिले. त्यांपैकी ‘एपिडेमिक्स’च्या पहिल्या व तिसऱ्या भागांत ४२ रुग्णांच्या दिवसागणिक नोंदी आहेत आणि त्यांतले २५ दगावले हे वैद्याने लपवलेले नाही. थासोस बेटावर तटबंदीजवळ राहणाऱ्या फिलिस्कसला तीव्र ताप भरला, लघवी काळी झाली, हातपाय गार पडले. श्वास विरळ आणि मोठा, जणू घ्यायचा आहे हे आठवून घेतल्यासारखा चालला होता. सहाव्या दिवशी तो गेला. उपचारांचा उल्लेख जेमतेम आहे, परंतु रुग्णाकडे इतक्या एकाग्रतेने पाहणारे गद्य मला अन्य दोघांत आढळत नाही.

सेल्ससने इ. स. पहिल्या शतकात लॅटिनमध्ये लिहिलेला आठ भागांचा ग्रंथ सर्वांत सुबोध आहे. प्रस्तावनेतच वैद्यांच्या परस्परविरोधी पंथांचा वाद तो समतोलपणे मांडतो. शल्यवैद्याचा हात थरथरू नये, डावा हातही उजव्याइतकाच चालावा, आणि रुग्णाच्या किंकाळ्यांनी त्याने घाई करू नये, असे तो सांगतो. मोतीबिंदू सुईने खाली ढकलण्याचे त्याचे वर्णन सुश्रुत वाचलेल्यांना ओळखीचे वाटेल. मात्र यातले बरेचसे ज्ञान पूर्वसूरींकडून संकलित केलेले आहे.

गेलेन (जन्म इ. स. १२९, पर्गमॉन) ग्लॅडिएटरांचा आणि पुढे रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसचा वैद्य होता. डुकराच्या स्वरयंत्राकडे जाणाऱ्या मज्जातंतू बांधताच त्याचे ओरडणे थांबते, हे त्याने लोकांसमोर दाखवले. पण हृदयाच्या मधल्या पडद्यात सूक्ष्म छिद्रे असल्याचे त्याचे चुकीचे मत शतकानुशतके टिकले. त्याचे उपलब्ध लेखन एकोणिसाव्या शतकातील आवृत्तीत वीस खंडांहून अधिक भरते आणि त्यात वादविवाद व आत्मस्तुती पुष्कळ आहे. त्याच्या चार शरीरद्रवांवर (रक्त, कफ, पिवळे पित्त व काळे पित्त) वात-पित्त-कफ सरळ बसवण्याचा मोह आपल्याकडच्या वाचकाने टाळावा, कारण गेलेन रक्ताला त्या चारांत मोजतो, तर आयुर्वेद त्याला प्रामुख्याने धातू मानतो.

एकच ग्रंथ वाचायचा असेल तर सेल्सस घ्यावा. वेळ असेल तर ‘एपिडेमिक्स’च्या त्या दोन भागांपासून आरंभ करून मग सेल्ससकडे वळावे. गेलेन शेवटी, आणि तोही रोगाच्या पूर्वकथनावरील लेखनापासून घ्यावा, कारण पिलेडीस या नर्तकाचे नाव निघताच नाडी बिघडणाऱ्या, एरवी निरोगी स्त्रीची हकिकत तेथे आहे, आणि खात्रीसाठी दुसऱ्या नर्तकाच्या नावाने गेलेन नाडी पुन्हा तपासतो, तेव्हा तो तर्क आणि निरीक्षण कसे जोडत असे हे नेमके समजते.