थायरॉइडची एफएनएसी: सिरिंजने ओढायचं की नुसती सुई?

सोनोग्राफीत थायरॉइडची गाठ टीआर-५ (कर्करोगाचा संशय सर्वांत जास्त असलेली श्रेणी) आणि १ सेंमी किंवा त्यापुढे, किंवा टीआर-४ (मध्यम संशयाची) आणि १.५ सेंमी किंवा त्यापुढे असली की बारीक सुई घालून तपासणीसाठी पेशी काढायच्या (एफएनएसी), हे ठरलेलंच. वाद उरतो तो सुईच्या मागच्या टोकाचा. तिथे १० मिलीची सिरिंज लावून ओढायचं, की हब (सुईचा मागचा जोडायचा भाग) उघडा ठेवून केशाकर्षणाने चढेल तेवढंच घ्यायचं?

सक्शनमध्ये माल जास्त येतो, हे खरं. पाणी भरलेल्या गाठीत तर दुसरा इलाजच नाही. आधी द्रव काढून टाका आणि मग भिंतीला चिकटलेल्या घन भागातून वेगळा पास (सुईची एक फेरी) घ्या. नुसत्या द्रवात बहुतेक वेळा मॅक्रोफेजच (कचरा गिळणाऱ्या पेशी) सापडतात. कडक, तंतुमय किंवा चुन्याच्या गाठीतही नुसती सुई बऱ्याचदा कोरडी परत येते.

पण थायरॉइडला रक्तपुरवठा भरपूर आणि सक्शनला पेशी-रक्त असा भेद कळत नाही. नेमका इथेच वैताग येतो. दट्ट्या जरा जोरात ओढला की सिरिंजमध्ये लाल दिसतं, आणि आपल्याला वाटतं, काम झालं. ते स्लाइडवर येईपर्यंत सुईतच गुठळी धरायला लागते, पेशी तिच्यात अडकतात, स्मिअर (स्लाइडवर पसरलेला थर) जाड होतो. अहवालासाठी निदान सहा पुंजके, प्रत्येकात किमान दहा नीट दिसणाऱ्या फॉलिक्युलर (थायरॉइडच्या मूळ) पेशी, एवढं लागतं. ते रक्ताखाली झाकले गेले तर हाती बेथेस्डा १ (अहवालाच्या श्रेणींपैकी ‘नमुना अपुरा’) येतो आणि रुग्णाला पुन्हा बोलवावं लागतं. शिवाय सुई बाहेर काढण्याआधी दट्ट्या सोडायचा राहिला, तर सुईतला थेंब सिरिंजच्या नळीत उडतो आणि तिथून तो परत मिळत नाही.

नुसत्या सुईत हे बरंचसं टळतं. २५ किंवा २७ गेजची सुई पेनासारखी धरायची, टोक सोनोग्राफीत दिसत ठेवायचं, रुग्णाला गिळू नका, बोलू नका म्हणायचं आणि दोन ते पाच सेकंद भराभर पुढे-मागे करायचं. नजर हबवर हवी. तिथे ठिपका दिसला की थांबायचं, ‘अजून थोडं’ करायचं नाही, कारण त्यापुढे येतं ते रक्तच. आधीच हवा भरून ठेवलेली सिरिंज जोडून थेंब स्लाइडवर टाकायचा, दुसऱ्या स्लाइडने लगेच पसरायचा. पॅप या रंगासाठीची स्लाइड त्याच क्षणी ९५ टक्के अल्कोहोलमध्ये. थोडा उशीरही केंद्रकं फुगवतो. गीम्सा या दुसऱ्या रंगासाठीची मात्र हवेत पटकन वाळू द्यायची.

हाताची सवय हा मोठा मुद्दा आहे. ज्याचा हात सक्शनवर बसलाय त्याने उद्यापासून बदलावं असं नाही. तरी घन गाठीत पहिले दोन पास सिरिंजशिवाय घ्यावेत असं मला वाटतं. दोन्ही कोरडे गेले तर तिसऱ्याला १-२ मिलीचंच हलकं सक्शन. गाठ मोठी असेल तर मध्यभाग सोडून कडेकडेने जावं, मध्ये बहुधा झीज झालेली असते.

अहवाल बेथेस्डा ४ (फॉलिक्युलर गाठीचा संशय) आला तर मात्र पद्धतीला दोष देऊ नये. अशा गाठीत कर्करोग ठरवायला लागतं ते, म्हणजे कॅप्सूल (गाठीचं आवरण) भेदली आहे का, हे सुट्या पेशींवरून कळत नाही, मग त्या ओढून काढलेल्या असोत की आपोआप चढलेल्या.