कॅप्चर कार्डाचा आवाज फाटतोय? लिनक्सवर लाइन-इन, कार्डाचाच आवाज की यूएसबी डोंगल

आमच्याकडे एक व्हीएचएस आहे, दामोदर हॉलला बाबांच्या मंडळाने केलेला दशावतार. ती कॉम्प्युटरवर उतरवताना पेटीचा सूर वर गेला की आवाज फाटायचा आणि झांज म्हणजे तर नुसता पत्रा बडवल्यासारखी. फार वाईट वाटलं, म्हणून तीन्ही प्रकारे जोडून बघितलं.

आधी बिघाड कान देऊन ऐका, त्यावरच सगळं ठरतं. फक्त मोठ्या आवाजाला फाटतोय तर लेव्हल जास्त आहे, सूरच चढलाय किंवा उतरलाय तर सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले ते) चुकलाय, आणि मधेमधे टकटक होऊन तुकडे पडतायत तर बफर (आवाज क्षणभर साठवायची जागा) कमी पडतोय. कार्डातल्या ट्यूनरच्या (चॅनेल पकडणाऱ्या भागाच्या) सेटिंगमधे डोकं घालू नका, मुंबईत ऑक्टोबर २०१२ च्या अखेरीला केबल डिजिटल झाली, आता सेटटॉप बॉक्स काय आणि व्हीसीआर काय, लाल-पांढऱ्या पिनांनीच आवाज घ्यायचा.

पहिला मार्ग, चित्र कार्डातून आणि आवाज व्हीसीआरमधून थेट मदरबोर्डच्या निळ्या लाइन-इनला. बीटी८७८ चिपची जुनी कार्डं असतील तर हाच धरा, कारण त्यातल्या बऱ्याच कार्डांवर आवाज पीसीआयमधून (कार्ड बसतं त्या मदरबोर्डवरच्या स्लॉटमधून) येतच नाही, वायरच लावावी लागते. अल्सामिक्सर (लिनक्सवर आवाजाची लेव्हल लावायचा प्रोग्रॅम) उघडून एफ४ दाबा, कॅप्चर खाली आणा आणि बूस्ट (आवाज आणखी वाढवणारी पट्टी) दिसला तर शून्य करा. माझं इथेच चुकत होतं, मी लॅपटॉपच्या माइकच्या भोकात पिन घातली होती, तो माइकसाठीचा, व्हीसीआरचा आवाज त्याला झेपतच नाही, वर बूस्ट चालू. डेस्कटॉपच्या लाइन-इनला तीच पिन लावली आणि पेटी एकदम मोकळी वाजली! तोटा एकच, चित्राचं आणि आवाजाचं घड्याळ वेगळं, ५० पीपीएमचा (दहा लाखांत ५०) फरक असला तरी ३ तासांच्या टेपला अर्धा सेकंद ओठ पुढेमागे होतात. एफएफएमपेग या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमला एरिसॅम्पलचा असिंक पर्याय दिला की बरंचसं सावरतं.

दुसरा, कार्डाचाच आवाज, म्हणजे एसएए७१३४ चिपवाल्या कार्डांचा अल्सा (लिनक्सची आवाजाची यंत्रणा) ड्रायव्हर. चित्र आणि आवाज एकाच चिपमधून येतात म्हणून जुळणी छान राहते, पण हा ड्रायव्हर ३२ आणि ४८ किलोहर्ट्झ एवढेच रेट देतो, सीडीवाला ४४.१ नाही. प्रोग्रॅम ४४.१ मागत असेल तर एचडब्ल्यू ऐवजी प्लगएचडब्ल्यू डिव्हाइस द्या, अल्सा मधल्यामधे रेट बदलून देईल. ३२ ला निम्म्यापर्यंतचे, म्हणजे १६ किलोहर्ट्झपर्यंतचेच सूर येतात, पण वरचे सूर जातील असं घाबरू नका, जुन्या मोनो टेपवर १६ किलोहर्ट्झच्या वर काही नसतंच. खरी अडचण स्लॉटची, नव्या मदरबोर्डांवर पीसीआय स्लॉट बहुतेक नसतोच.

तिसरा, यूएसबी डोंगल, लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. पण दोन जाती आहेत. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांचा घ्याल तर आतली चिप विचारा, बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या डब्यांत वेगवेगळ्या चिप निघतात आणि आवाजाचं नशीब त्यावर. एचडीएमआयवाल्यात एमएस२१०९ चिप असेल तर ती स्वतःला ९६ किलोहर्ट्झ मोनो सांगते, खरं तर ४८ स्टीरिओ असते, त्यामुळे जुन्या कर्नलवर (लिनक्सच्या जुन्या गाभ्यावर) डावा-उजवा आवाज एकात मिसळून कर्कश येतो. २०२० मधे कर्नलमधे त्याचा इलाज आला, तेव्हा आधी कर्नल अपडेट करा, डोंगल फेकू नका. आणि तो हबमधे नको, थेट पोर्टला लावा.

माझं मत विचाराल तर डेस्कटॉप असेल आणि कार्ड आधीच पडून असेल तर लाइन-इन, नवं काही विकत घेऊ नका. फक्त लॅपटॉप आहे तर डोंगल. एसएए७१३४ वालं कार्ड चालू स्थितीत आहे अशा नशीबवानांनी दुसरा मार्ग सोडू नये.

कुठलाही घ्या, आधी कुणाच्या तरी लग्नाची साधी टेप लावून लेव्हल जमवा, इथल्या पावसाळ्यात टेपला बुरशी लागलेली असते, प्रत्येक वेळी फिरवली की थोडी झिजते. बाबांची टेप मी लेव्हल पक्की झाल्यावर एकदाच लावली.