रफल: बंद पडलेल्या फ्लॅशसाठी पहिला पर्याय, आणि तो कुठे अडतो

वेबवरचे खेळ आणि ॲनिमेशन दाखवणारा फ्लॅश प्लेअर ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद केला आणि १२ जानेवारी २०२१ पासून प्लेअर स्वतःच काही दाखवायला नकार देऊ लागला. त्याच महिन्यात आलेल्या क्रोम ८८ आणि फायरफॉक्स ८५ मधून फ्लॅश काढून टाकलं गेलं. फ्लॅशमध्ये बनलेल्या फायली, म्हणजे एसडब्ल्यूएफ फायली, मात्र कुठेही गेलेल्या नाहीत. शाळेच्या कपाटातल्या सीडींवर आणि संस्थांच्या जुन्या सर्व्हरवर त्या अजून पडून आहेत. त्या चालवायच्या असतील तर सुरुवात रफलपासून करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

रफल म्हणजे जुनं प्लगइन जिवंत करण्याची युक्ती नव्हे. फ्लॅश प्लेअर जे काम करत होता ते रस्ट भाषेत नव्याने लिहून काढलेला हा एम्युलेटर आहे, आणि ब्राउझरमध्ये तो वेबअसेम्ब्लीच्या (ब्राउझर थेट चालवू शकतो अशा कोडच्या) रूपात चालतो. त्यामुळे जुन्या प्लेअरच्या सुरक्षेतली भोकं सोबत येत नाहीत. फाइल ब्राउझरच्या नेहमीच्या कुंपणातच राहते. सॉफ्टवेअर मोफत आहे, मुक्तस्रोत आहे. इंटरनेट आर्काइव्हने नोव्हेंबर २०२० मध्ये आपला फ्लॅश संग्रह याच्याच आधारावर उघडला. आयफोनवर फ्लॅश कधीच चालला नाही, पण ज्या संकेतस्थळाने रफल बसवलं आहे तिथल्या फायली आज आयफोनवरही उघडतात.

डाउनलोड करण्याआधी एक तपासणी करावी, कारण पुढचं सगळं तिच्यावर ठरतं. फ्लॅशची प्रोग्रामिंग भाषा ॲक्शनस्क्रिप्ट, आणि ती चालवायला फ्लॅशमध्ये दोन वेगळी इंजिनं होती. ॲक्शनस्क्रिप्ट १ आणि २ साठी एव्हीएम-१, आणि २००६ साली फ्लॅश प्लेअर ९ बरोबर आलेल्या ॲक्शनस्क्रिप्ट ३ साठी एव्हीएम-२. फाइल कुठल्याही हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या साधनात) उघडा. पहिली तीन अक्षरं एफडब्ल्यूएस, सीडब्ल्यूएस किंवा झेडडब्ल्यूएस असतील: पहिली साधी फाइल, दुसरी झेडलिबने आणि तिसरी एलझेडएमएने आवळलेली. चौथा बाइट म्हणजे आवृत्ती. तो ०८ किंवा कमी असेल तर फाइल नक्की एव्हीएम-१ ची, आणि अशा फायली रफलमध्ये बहुतेक वेळा जशाच्या तशा चालतात. ०९ किंवा जास्त असेल तर जेपेक्स डिकम्पायलरमध्ये (एसडब्ल्यूएफ उकलून आतला कोड दाखवणाऱ्या साधनात) उघडून स्क्रिप्टचा प्रकार पाहावा लागतो. एव्हीएम-२ ची बाजू बरीच सुधारली आहे, तरी फ्लेक्स या चौकटीत बांधलेली मोठी ॲप्लिकेशन्स आणि स्टेज-थ्रीडी ही त्रिमितीय चित्रांची सोय वापरणारे खेळ अजून बेभरवशाचे आहेत. आरटीएमपी या फ्लॅशच्या प्रक्षेपण पद्धतीने सर्व्हरवरून थेट येणाऱ्या व्हिडिओची आशा इथे धरू नये.

फक्त पाहायचं असेल तर ब्राउझर एक्स्टेन्शन पुरे. सीडीवरच्या फायलींसाठी मात्र डेस्कटॉप ॲप घ्यावं. फाइल त्याच्या खिडकीत ओढून टाकली की झालं. पडदा काळाच राहिला तर बहुधा ग्राफिक्स ड्रायव्हर आड येत असतो. ॲपच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्स बॅकएंड बदलून ओपनजीएल करून पाहावा.

स्वतःच्या संकेतस्थळावर बसवायचं काम सोपं आहे, पण लोक नेमक्या त्याच दोन-तीन ठिकाणी अडतात. रफलची झिप फाइल सोडून त्यातल्या सगळ्या फायली एकाच फोल्डरमध्ये सर्व्हरवर चढवायच्या आणि पानाच्या हेडमध्ये रफलच्या मुख्य जावास्क्रिप्ट फाइलचा एक स्क्रिप्ट टॅग घालायचा. जुने ऑब्जेक्ट आणि एम्बेड टॅग तसेच ठेवा, रफल ते स्वतः ओळखतं. फक्त मुख्य फाइल चढवून वाझम (वेबअसेम्ब्लीच्या) फायली मागे ठेवल्या तर काहीच सुरू होत नाही. सर्व्हर वाझम फाइल ‘ॲप्लिकेशन/वाझम’ या माइम प्रकाराने (फाइल कुठल्या जातीची हे सांगणाऱ्या खुणेने) देत नसेल तरी चूक येते. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या आयआयएस सर्व्हरवर हा प्रकार हाताने घालावा लागतो. पान एचटीटीपीएसवर आणि एसडब्ल्यूएफचा पत्ता साध्या एचटीटीपीवर असेल तर ब्राउझर ती फाइल अडवतो. एचटीएमएल पान डबल क्लिक करून उघडू नये: ‘फाइल:’ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरून वाझम वाचायला ब्राउझर परवानगी देत नाही. त्या फोल्डरमध्ये पायथनचा छोटा एचटीटीपी सर्व्हर सुरू करून लोकलहोस्टवरून (आपल्याच संगणकाच्या पत्त्यावरून) तपासावं.

आता फॉन्ट. मराठी साहित्यासाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच कुणी सांगत नाही. फ्लॅशमधला स्थिर मजकूर अक्षरांच्या रेषांसकट फाइलमध्ये साठवलेला असतो, तो बरोबरच दिसतो. पण चालू असताना बदलणारा मजकूर, म्हणजे प्रश्नमंजूषेतले प्रश्न किंवा नाव लिहायची चौकट, फॉन्ट सोबत न बांधता ठेवलेला असेल तर तो संगणकातला फॉन्ट मागतो. युनिकोड रुळण्याआधीचं मराठी काम श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फॉन्टांत व्हायचं, आणि त्यांत देवनागरीची वळणं रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो फॉन्ट नसला की वाक्याच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. दोष रफलचा नाही. मूळ प्लेअरही फॉन्ट नसलेल्या संगणकावर हेच दाखवायचा. जेपेक्समध्ये मजकुराचा टॅग ‘डिफाइन-एडिट-टेक्स्ट’ दिसला तर हा धोका आहे असं समजावं. मूळ सीडीवर फॉन्टचं फोल्डर सापडतं का ते पाहा, फॉन्ट विंडोजमध्ये बसवा आणि मग डेस्कटॉप ॲपमध्ये फाइल उघडा. ब्राउझरमधल्या रफलला संगणकातले फॉन्ट सहजी मिळत नाहीत, तिथे फॉन्टची फाइल संकेतस्थळावरून पुरवावी लागते.

रफलवर न चालणाऱ्या फायलींसाठी ॲडोबीचाच प्रोजेक्टर नावाचा स्वतंत्र प्लेअर आहे. तो ब्राउझरशिवाय चालतो आणि १२ जानेवारीची अट त्याला लागू नाही. शेजारच्या एक्सएमएल किंवा ध्वनीच्या फायली वाचताना तो सुरक्षेचं कारण देऊन थांबला, तर फ्लॅशप्लेअर-ट्रस्ट नावाच्या फोल्डरमध्ये सीएफजी शेपटीची साधी मजकूर फाइल ठेवून तिच्यात आपल्या फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहायचा. मात्र हा प्लेअर २०२० नंतर दुरुस्त झालेला नाही. ओळखीच्या फायलींसाठी, आणि शक्यतो इंटरनेट तोडलेल्या संगणकावरच तो वापरावा. ‘फ्लॅश अपडेट करा’ म्हणणारी कुठलीही पाटी आज खोटीच आहे, तिच्यावर क्लिक करू नये.

ठरावीक संकेतस्थळावरच चालायला बांधलेले खेळ वरच्या दोन्ही मार्गांनी सहसा उघडत नाहीत. त्यांच्यासाठी फ्लॅशपॉइंट हा जुने वेब-खेळ जपणारा संग्रह उत्तम: तो संगणकातच प्रॉक्सी (मधला सर्व्हर) चालवून खेळाला आपण मूळ पत्त्यावरच आहोत असं भासवतं. पूर्ण संग्रह एक टेराबाइटहून मोठा आहे, म्हणून हवा तो खेळ त्या वेळी उतरवणारी इन्फिनिटी आवृत्तीच घ्यावी. डायरेक्टर या दुसऱ्या साधनात बनलेल्या शॉकवेव्ह फायलींनाही तिथेच आसरा आहे, रफल त्या वाचत नाही. जावा ॲपलेट आणि सिल्व्हरलाइट हे ब्राउझरमधले इतर जुने प्रकार हा वेगळा विषय, त्यांना रफल लागू पडत नाही, पण फ्लॅशपॉइंटमध्ये त्यांतलेही काही चालतात.

रफल एक्स्टेन्शन वापरताना खेळातले गुण आणि अर्धवट सोडलेले धडे ब्राउझरच्या साठ्यात जातात. ब्राउझरमधला साइटचा डेटा पुसला की तेही गेले. त्याआधी फ्लॅशच्या चौकटीवर राइट क्लिक करून सेव्ह मॅनेजर उघडा आणि एसओएल फाइल (फ्लॅशची साठवलेली प्रगती) उतरवून ठेवा. तीच फाइल दुसऱ्या संगणकावर त्याच ठिकाणाहून परत भरता येते.