पिल्लाच्या पायासाठी कोहेसिव्ह बँडेज, १ इंची रोल: चार स्टार, पण खालची जमीन आधी बघा

हा रोल कोंबडीसाठी म्हणून कोणी विकत नाही हे आधीच सांगते. ऑनलाइन फोटो असतो तो घोड्याच्या नाहीतर कुत्र्याच्या पायाचा, किंवा जिमवाल्या पोराच्या मनगटाचा. पण गुण तोच कामाचा, ही पट्टी फक्त स्वतःला चिकटते, कातडीला किंवा पिसांना नाही. नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिल्लाला साधी चिकटपट्टी लावून बघा म्हणजे कळेल, काढताना लव निघते, कधी पायाची सालपण निघते आणि ते जे काय ओरडतं ते ऐकवत नाही.

आम्ही गोराईला, घरामागे सासूबाईंच्या गावठी कोंबड्या आहेत. ह्या खेपेला कोंबडी खुडूक झालीच नाही म्हणून अंडी उबवायच्या छोट्या मशीनमध्ये लावली (मशीन कुठलं ते सांगत नाही, स्क्रीनवर ३७.५ दाखवायचं आणि आत दुसरा थर्मामीटर ठेवला तर तो भलतंच काहीतरी सांगायचा, असं खालीवर झालं की पिल्लं पायाने अधू निघू शकतात). बाकीची तुरुतुरु पळायला लागली आणि एक मात्र पोटावर, दोन्ही पाय उघडलेल्या कंपाससारखे दोन बाजूंना. ह्याला स्प्ले लेग म्हणतात, आमच्याकडे सरळ पाय फाकलेलं पिल्लू.

बोटीने बोरिवलीला जाऊन मेडिकलमध्ये विचारलं तर क्रेप बँडेज काढून दिलं, त्याला क्लिपा लागतात, आता त्या पिल्लाच्या काडीएवढ्या पायाला कुठली क्लिप लावू? दुसऱ्या दुकानात कोहेसिव्ह म्हटल्यावर आधी "कोंबडीला?" असं विचारून हसून घेतलं आणि मग आतून रोल आला. दीडशेच्या आसपास. चार-साडेचार मीटर असतो, पिल्लाला लागतं बोटभर, म्हणजे एका रोलमध्ये गावभरच्या पिल्लांचे पाय बांधून होतील.

आता वापर, कारण ह्याची माहिती पाकिटावर शून्य. १ इंची पट्टीसुद्धा पिल्लाला रुंदच होते, उभी कापून अर्धी करायची, नखांची छोटी कात्री चालते. सासूबाईंनी पिल्लू जुन्या टॉवेलमध्ये घेतलं, फक्त दोन पाय बाहेर, आणि मी गुडघ्यासारखा दिसतो त्या सांध्याच्या खाली, नळीवर, एका पायाला सैलसर वेढा, मग मधे थोडं अंतर, मग दुसऱ्या पायाला वेढा, असं इंग्रजी आठसारखं बांधलं. पाय एकमेकांना जोडून टाकायचे नाहीत, पिल्लू नीट उभं राहिलं असतं तर जेवढं अंतर असतं तेवढंच ठेवायचं. ताणून बांधू नका, ही पट्टी ताणली की नंतर आवळत जाते. थोड्या वेळाने बोटं बघा, सुजली किंवा निळसर पडली तर लगेच कापा.

बांधल्यावर ते तोंडावर आपटतं, घाबरू नका, जरा वेळाने सरकायला शिकतं. पाणी उथळ झाकणात द्या आणि त्यात खडे टाका, नाहीतर बांधलेल्या पायाने त्यातच बुडायचं. पहिले दोनेक दिवस पोटातल्या बलकावर निघतात म्हणून खात नाही बघून लगेच रडू नका, पण नंतर मात्र चोचीशी नेऊन खायला घालावं लागतं. त्याला एकटं दुसऱ्या खोलीत ठेवलं तर दिवसभर चिवचिवाट, त्याच खोक्यात मधे जाळी लावली की गप्प.

रंगाचं कोणी सांगत नाही. लाल घेऊ नका! कोंबड्यांना लाल दिसलं की चोच मारायची सवयच असते, बाकीची पिल्लं त्या पट्टीवरच तुटून पडतात. निळी किंवा खाकी घ्या.

एक स्टार का कापला? एक म्हणजे पावसाळ्यात आपल्या दमट हवेत आणि पिल्लाच्या घाणीत पट्टी लवकर ओली होऊन ढिली पडते, रोज नाहीतर एक दिवसाआड बदलावीच लागते (तसंही बदलायलाच हवी, पिल्लू दिवसागणिक वाढतं). आणि दुसरं, जिथून नंतर ऑनलाइन मागवला त्या विक्रेत्याने वर्णनात लिहिलंय की पक्ष्यांच्या पायाच्या सगळ्या तक्रारींवर उपाय. साफ खोटं. बोटं आत मुठीसारखी वळली असतील तर ते बहुतेक बी-टू म्हणजे रायबोफ्लेविन कमी पडल्याचं असतं, तिथे पुठ्ठ्याचा छोटा बूट कापून बोटं सरळ पसरून चिकटवतात आणि जोडीला व्हिटॅमिन लागतं. व्हिटॅमिनची बाटली घेताना मागची यादी वाचा, पोल्ट्रीच्या काही टॉनिकांत नुसतं ए, डी-थ्री, ई असतं आणि नेमकं बी-टू नसतं. आणि घोट्याचा सांधा सुजलाय, मागची शीर बाजूला सरकलीय, पाय सरळच होत नाही, तर ते वेगळं दुखणं, त्यात मँगनीज किंवा कोलीन कमी पडल्याचाही भाग असू शकतो. तिथे पट्टी गुंडाळून वेळ घालवू नका, परळला बाई साकरबाई हॉस्पिटल आहे, १८८४ पासून जनावरं बघतात, नाहीतर जवळचा पक्षी बघणारा डॉक्टर गाठा. नुसत्या फाकलेल्या पायांना मात्र ही पट्टी खरंच लागू पडते, पहिल्या दोन-तीन दिवसांत बांधली तर आठवड्याच्या आत पाय जागेवर येतात. उशीर केला की हाडं घट्ट होतात आणि मग फारसं काही होत नाही.

पण खरं सांगू का, पट्टीइतकीच कमाल खालच्या जमिनीची आहे. खोक्यात गुळगुळीत पेपर अंथरला की चांगली पिल्लंसुद्धा घसरून पाय फाकवतात, आणि तुम्ही वर कितीही महाग बँडेज बांधा. सासूबाई म्हणाल्या गोणपाट घाल, ते घसरत नाही हे खरं पण त्याचे धागे नखांत अडकतात, म्हणून आम्ही किचनच्या ड्रॉवरमध्ये घालतात ती जाळीदार रबरी मॅट घातली, धुवायला पण सोपी. पहिल्या आठवड्यात खाली ३५ डिग्रीच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक डिग्री कमी. मुंबईच्या मे महिन्यात दुपारी बल्ब बंदच ठेवा, पिल्लं चोच उघडून धापा टाकायला लागली म्हणजे गरम होतंय, एकमेकांवर चढून बसली म्हणजे थंडी वाजतेय.

आमचं ते पिल्लू आता बाकीच्यांच्या पुढे धावतं आणि सासूबाईंच्या पायात येतं, त्या त्याला शिव्या घालतात.

घ्यायचं तर एकच रोल घ्या. तीनचा सेट स्वस्त पडतो म्हणून मोहात पडू नका, ह्यात बहुतेक लॅटेक्स असतं, उकाड्यात डब्यात पडून राहिलं की थर एकमेकांना घट्ट चिकटतात आणि उलगडताना तुकडे हातात येतात.