रेड टाइडचा भक्षक: प्रबंधासाठी कोणता घ्यावा?

रेड टाइड म्हणजे सूक्ष्मजीवांची गर्दी होऊन समुद्राचं पाणी रंगणं. ती घडवणाऱ्या डायनोफ्लॅजेलेटना (दोन चाबकासारख्या कशाभिकांनी पोहणाऱ्या एकपेशी जीवांना) खाणारे सूक्ष्मजीव पुष्कळ आहेत. प्रबंधासाठी विषय शोधणाऱ्यांपुढे सहसा तिघे येतात: नॉक्टिल्युका, पॉलिक्रिकोस आणि स्ट्रॉम्बिडिनॉप्सिस.

नॉक्टिल्युका मिळायला सोपा. एकच पेशी, पण 0.2 ते 2 मिलिमीटरची. मोठी असली तर नुसत्या डोळ्यांना दिसते. कोकणात रात्री लाटा निळ्या चमकतात तेव्हा बहुधा हाच असतो. खाण्याला मात्र धरबंध नाही: शुंडिकेला (सोंडेसारख्या अवयवाला) चिकटेल ते गट्टम, माशांची अंडीसुद्धा. शिवाय हा स्वतःच रेड टाइड आणतो. अरबी समुद्रातल्या हिरव्या प्रकारात तर हरित शैवाल वस्तीला असतं, त्यामुळे उजेडात तो उपाशीही तगतो. त्याने शिकारीवर किती पोट भरलं, हे ठरवताना नाकी नऊ येतात.

पॉलिक्रिकोस कोफोइडी बघत बसावा असा. चार पेशी जोडल्यासारखी लांबट काया. भक्ष्याला स्पर्श झाला की आतून भाला सुटतो, मागे दोरा, आणि शिकार ओढत आणून सबंध गिळली जाते. लिंग्युलोडिनियम, जिम्नोडिनियम कॅटेनाटम हे डायनोफ्लॅजेलेट त्याचं आवडतं खाणं. शिकारीची यंत्रणा हाच विषय असेल तर दुसरीकडे बघूच नका.

रेड टाइडच्या नियंत्रणाचा प्रश्न असेल तर माझा कौल स्ट्रॉम्बिडिनॉप्सिसला. हा सिलिएट, म्हणजे केसांसारख्या बारीक पक्ष्माभिकांनी पोहणारा एकपेशी जीव. दक्षिण कोरियात 1995 साली कॉक्लोडिनियम पॉलिक्रिकॉइडिस या डायनोफ्लॅजेलेटने पिंजऱ्यांतले मासे मोठ्या प्रमाणावर मारले, आणि 1996 पासून तिथे समुद्रावर पिवळी माती फवारतात. मातीला पेशी चिकटून तळाशी बसतात. तळावरच्या जीवांचं काय, ही शंका उरतेच. म्हणून तिथल्या संशोधकांनी हा सिलिएट मोठ्या प्रमाणावर वाढवला. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात, बंदिस्त पाण्यात तो सोडल्यावर कॉक्लोडिनियमची संख्या झपाट्याने घसरली. खरी अडचण खाण्याची नाही, आकारमानाची आहे: उघडा समुद्र भरेल इतके सिलिएट आणायचे कुठून? त्यामुळे मातीची सद्दी संपलेली नाही. खाडीच्या तोंडाशी किंवा हॅचरीच्या टाकीत हिशेब निराळा असू शकतो, आणि प्रबंधाला तेवढाच प्रश्न पुरतो.

एक व्यवहाराची गोष्ट. स्ट्रॉम्बिडिनॉप्सिससारखे बिनकवचाचे सिलिएट फॉर्मेलिनमध्ये फुटतात, तेव्हा नमुने आम्लयुक्त लुगॉल आयोडीनमध्येच (पेशी टिकवणाऱ्या आयोडीनच्या द्रावणात) ठेवा. आणि भक्षकाआधी भक्ष्याचं कल्चर लावा. ते दाट झाल्याशिवाय यातला कुणीही हाती घेऊ नका.