दहा हजार फुटांवर ईआरव्ही: हिवाळा-उन्हाळा काढल्यावर

कोलोरॅडोतलं लेडव्हिल सुमारे ३,१०० मीटरवर आहे. मागचा हिवाळा आम्ही बाथरूमचा एक्झॉस्ट सतत चालू ठेवून काढला. यंदा ईआरव्ही बसवला, म्हणजे घरातली शिळी हवा बाहेर टाकून ताजी आत घेताना उष्णता आणि थोडी वाफ वाचवणारं यंत्र.

त्याचंच भावंड एचआरव्ही की ईआरव्ही, असा प्रश्न असेल तर इथे ईआरव्हीच घ्या. उणे १५ अंशांची हवा घरात येऊन २० अंशांना तापली की तिची आर्द्रता १० टक्क्यांच्याही खाली जाते. एचआरव्ही फक्त उष्णता वाचवतो. ईआरव्हीचा कोअर (दोन्ही हवा जिथून एकमेकींजवळून जातात तो गाभा) बाहेर चाललेल्या हवेतली थोडी वाफही आत येणाऱ्या हवेला देतो. ह्युमिडिफायर सुटलेला नाही, पण भरण्याचा त्रास निम्म्यावर आला आणि सकाळी नाकातून रक्त येणं थांबलं. बिलात किती वाचलं म्हणाल, तर त्यासाठी घेऊ नका.

आता उंचीचं बघा, कारण विकणारे याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. इथली हवा समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्केच दाट. पंखा ९० सीएफएम (मिनिटाला ९० घनफूट हवा) फेकतो खरा, पण तेवढ्याच घनफळात हवा कमी. माणसं मात्र कार्बन डायऑक्साइड तेवढाच सोडतात. म्हणून पंख्याचा वेग तक्त्यात दिलेल्यापेक्षा वर ठेवावा लागतो. त्यात गंमत अशी की कार्बन डायऑक्साइडचा घरगुती मीटरसुद्धा विरळ हवेत कमी आकडा दाखवतो. सेटिंगमध्ये उंची भरली आणि बेडरूममधले ९०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ९०० भाग) क्षणात १,३०० च्या आसपास गेले! मीटर घ्याल तर उंची भरायची सोय असलेलाच घ्या.

कडाक्याच्या थंडीत कोअरवर बर्फ धरतो. मग यंत्र बाहेरचा डॅम्पर (हवेची झडप) बंद करून घरातलीच हवा फिरवतं. तेवढा वेळ ताजी हवा नाही, आणि पहाटे डॅम्परचा 'खट्' आवाज येतो. बेडरूमच्या भिंतीला यंत्र टांगू नका. हवा आत घेणारं बाहेरचं तोंडही उंचावर हवं. आमचं जमिनीपासून हातभर वर बसवून दिलं होतं, पहिल्या मोठ्या बर्फात गाडलं गेलं. वर घ्यायचे पैसे पुन्हा आम्हीच भरले.

स्वयंपाकघराची चिमणी याला जोडू नका. फोडणीचं तेल कोअरवर बसलं की संपलंच. लसणीच्या फोडणीला वेगळी चिमणी, थेट बाहेर.

उन्हाळ्यात वणव्याचा धूर असतो. साध्या फिल्टरने तो थेट घरात येतो; मर्व्ह १३ (बारीक कण अडवणारा फिल्टर) लावला तर बराच अडतो, पण हवेचा जोर घटतो आणि धुराच्या दिवसांत फिल्टर बघता बघता काळा पडतो. रेडॉनसाठी (जमिनीतून घरात शिरणारा किरणोत्सारी वायू) मात्र ईआरव्हीवर विसंबू नका, त्याचा पाइप-पंखा वेगळाच लागतो.