हँडी: फुकट आणि ऑफलाइन डिक्टेशन ॲप, इंग्रजीला झकास, मराठीला अजून कच्चं

फोर्टातल्या वकिलांच्या कुठल्याही जुन्या चेंबरमध्ये जा, सीनियर खुर्चीत मागे रेलून बोलतायत आणि स्टेनो मान खाली घालून टाईप करतोय हे दिसणारच. डिक्टेशन आमच्या धंद्यात नवीन नाही, फक्त स्टेनो ठेवायला पैसे लागतात आणि लघुवाद कोर्टात भाडेकरू-घरमालकाच्या मॅटर्स करणाऱ्या माझ्यासारखीकडे ते नसतात. त्यामुळे प्लेन्ट (म्हणजे दावा), रिप्लाय, अफिडेव्हिट सगळं स्वतःच बडवत बसायचं, त्यात कोर्टातून दुपारी सुटलं की चेंबर, चेंबरमधून लोकल, आणि घरी गेल्यावर उरलेला ड्राफ्ट. मनगटं बोलायला लागली तेव्हा सिरियसली शोधाशोध केली. आधी एक पैसेवालं ॲप घेतलं होतं, नाव नाही घेत, दर महिन्याला डॉलरमध्ये कापले जायचे आणि चेंबरमधलं वायफाय गेलं की ते मुकं. मग हँडी सापडलं.

हँडी म्हणजे काय तर विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालणारं ओपन सोर्स ॲप. एमआयटी लायसन्स आहे, म्हणजे कोड कोणीही बघा, बदला, वापरा. लॉगिन नाही, ट्रायल नाही, महिन्याचं बिल नाही. शॉर्टकट दाबायचा, बोलायचं, सोडायचा, आणि जिथे कर्सर आहे तिथे टेक्स्ट येऊन पडतं, मग ते वर्ड असो, ईमेल असो की व्हॉट्सॲप वेब. बस, एवढंच करतं, आणि मला तेच आवडलं, कारण हल्ली प्रत्येक ॲपला तुमचा जिवलग मित्र व्हायचं असतं. विंडोजवर आधीपासून कंट्रोल-स्पेस हा शॉर्टकट दिलेला असतो, तो पहिल्यांदा बदला, कारण एक्सेलमध्ये त्याच बटणांनी अख्खा कॉलम सिलेक्ट होतो. दाबून धरायचं नसेल तर एकदा दाबून चालू, परत दाबून बंद असंही करता येतं. लांब पॅरा सांगताना तेच बरं पडतं.

बोललेलं कुठेही जात नाही, सगळं लॅपटॉपवरच प्रोसेस होतं, ही वकिलासाठी सगळ्यात मोठी गोष्ट. अशिलाच्या घरातली भांडणं, कोणी पागडी किती घेतली, कोण आजारी आहे, हे सगळं आम्ही बोलून टाईप करणार आणि ते कुठल्यातरी परदेशातल्या सर्व्हरवर जाऊन बसणार, हे मला पटत नाही. मॉडेल एकदा डाउनलोड करायला नेट लागतं, नंतर वायफाय बंद करून बघा, चालतं.

आता मॉडेलचं प्रकरण, कारण खरा खेळ तिथेच आहे. हँडी स्वतः काही ऐकत नाही, ऐकतं ते आत टाकलेलं मॉडेल, म्हणजे आवाजाचं टेक्स्ट करणारा एआय. आपल्या कामाची दोन घराणी आहेत. एक ओपनएआयचं व्हिस्पर, 2022 च्या सप्टेंबरमध्ये सगळ्यांसाठी खुलं केलेलं, आणि दुसरं एनव्हिडियाचं पॅराकीट. पॅराकीटची तिसरी आवृत्ती पाचशे एमबीच्या आतच आहे, ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपवरसुद्धा पटापट पळते, पण तिला फक्त 25 युरोपीय भाषा येतात. मराठी बोललात तर काहीतरी अगम्य येणार, त्यात बिचारीची चूक नाही. मराठी हवं तर व्हिस्पर, आणि व्हिस्परमध्ये जेवढं मोठं मॉडेल तेवढं अचूक आणि तेवढंच आळशी. त्यातलं टर्बो नावाचं मॉडेल दीड जीबीच्या वर जातं. माझ्या बिनकार्डाच्या लॅपटॉपवर मोठ्या मॉडेलला एक पॅरा सांगितला की पंखा विमानासारखा सुरू होतो आणि मी तेवढ्यात चहा सांगून येते.

इंग्रजी ड्राफ्टिंगला पॅराकीट. कॉमा, फुलस्टॉप स्वतःच टाकतं, आणि आपला मुंबईचा इंग्रजी ॲक्सेंट त्याला व्यवस्थित कळतो, उगाच जीभ वळवून बोलायची गरज नाही. पण स्टेनोला सांगायची सवय असलेल्यांनी एक लक्षात ठेवा. आपण सवयीने "कॉमा", "नेक्स्ट पॅरा" म्हणतो आणि हे साहेब ते शब्दच लिहून मोकळे होतात. पॅरा संपला की बटण सोडा, एंटर मारा, परत दाबा. दुसरी गोष्ट कलमांची. बोनाफाईड रिक्वायरमेंटच्या, म्हणजे घरमालकाला जागा खरोखर स्वतःसाठी हवी असल्याच्या मॅटरमध्ये महाराष्ट्र रेंट कंट्रोल ॲक्ट, 1999 चं 16(1)(g) दर दोन पॅरांनी येतं. तोंडाने "सेक्शन सिक्स्टीन सबसेक्शन वन क्लॉज जी" म्हटलं की ते तसंच अक्षरी लांबलचक येतं, कंस बिंस काही नाही. मी आता नुसतं "द सेड ग्राउंड" म्हणते आणि शेवटी फाइंड-रिप्लेस मारते. सेटिंगमध्ये कस्टम वर्ड्स म्हणून जागा आहे, तिथे वकालतनामा, पागडी, म्हाडा, ठाकूरद्वार असले नेहमीचे शब्द इंग्रजी स्पेलिंगने टाकून ठेवले की ते ओळखायला लागतं. अशिलांची आडनावं पण टाका, नाहीतर एकाच अफिडेव्हिटमध्ये सावंतांची तीन स्पेलिंगं आणि कोर्टात समोरचा वकील त्यावरच उभा.

आता मराठी. इथे हात आखडता घेऊनच स्टार द्यावे लागतात. इंग्रजीला पाचपैकी साडेचार, मराठीला अडीच. भाषा ऑटोवर ठेवलीत तर छोट्या मराठी वाक्याला बऱ्याचदा हिंदी समजलं जातं, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन मराठी फिक्स करायचंच. तरीही ऱ्हस्व-दीर्घाची वाट, ळ चा ल, शब्द मध्येच तुटलेले. "तिसऱ्या माळ्यावरची खोली" म्हणावं आणि "माला वरची खोली" वाचावं, "प्रतिवादी" चे "प्रती" आणि "वादी" असे दोन तुकडे, आता दाव्यात वादी कोण हाच तर सगळा वाद असतो. छोटं मॉडेल मराठीसाठी उघडूच नका, मोठं घेतलं तरच वाचण्यासारखं येतं. कारण सरळ आहे, व्हिस्परला सुरुवातीला 6,80,000 तासांचा ऑडिओ ऐकवून शिकवलं आणि त्यातला जवळजवळ दोनतृतीयांश इंग्रजी होता, मराठीच्या वाट्याला त्यात चिमूटभर. मराठीत सरळ बोलून लिहायचं असेल आणि मजकूर गोपनीय नसेल तर गूगल डॉक्सचं व्हॉइस टायपिंग आजही पुढे आहे, फक्त नेट लागतं.

पण खरी गोची शुद्ध मराठीची नाहीच. आपण बोलतो कुठे शुद्ध मराठी? "काका, लँडलॉर्डने रेंट रिसीट दिली नाही ना, मग मनीऑर्डर केली होती का, उसका प्रूफ आहे का" असं गिरगावातल्या अशिलाशी आपण एका दमात बोलतो. व्हिस्पर आवाजाचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे घेतं आणि एका तुकड्याला एकच भाषा धरतं, त्यामुळे असल्या वाक्यात इंग्रजी शब्द कधी देवनागरीत, कधी रोमनमध्ये, कधी सरळ त्यांचं भाषांतर. अशिलाशी बोलल्यावर नोट्स सांगून ठेवायच्या म्हटल्या तर हा झोल होतोच होतो. एका वेळी एक भाषा ठरवून बोललं तर निम्मा त्रास जातो, पण मुंबईत जन्मलेल्या माणसाला हे सांगणं म्हणजे बघा.

यावर एक जुगाड आहे आणि तो मला या ॲपमधला सगळ्यात कामाचा वाटतो. ट्रान्सलेट टू इंग्लिश म्हणून एक बटण आहे. ते चालू करून मराठीत बोलायचं, खाली थेट इंग्रजी. गंमत म्हणजे मराठीतून मराठी लिहिण्यापेक्षा हे बरं जमतं, कारण व्हिस्परच्या ट्रेनिंगमध्ये मराठी बोलणं आणि त्याचं इंग्रजी भाषांतर असा माल मराठी लिखाणापेक्षा जास्त होता. अशिलाची हकीकत मराठीत जशीच्या तशी सांगून टाकायची, इंग्रजीत तारीखवार घटनाक्रमाचा कच्चा खर्डा तयार मिळतो, त्यावर बसून प्लेन्ट लिहायची. फक्त यासाठी टर्बो घेऊ नका, त्याला भाषांतर शिकवलेलंच नाही, मीडियम किंवा लार्ज घ्या. आणि तारखा, रकमा, खोली नंबर हे सगळं कागदावरून परत ताडून बघा.

हे ताडून बघणं व्हिस्पर घराण्यात सगळीकडेच लागतं. शांतता किंवा नुसता आवाज आला तरी ही मॉडेल्स कधीकधी न बोललेलं वाक्य बनवून टाकतात, थँक्यू वगैरे. हँडी शांततेचा भाग आधीच कापून टाकतं म्हणून प्रमाण कमी, पण शपथेवर सही करायच्या कागदात एक वाक्य जरी हवेतून आलं तरी महागात पडेल. तोंडाजवळचा साधा वायरचा हेडसेट घ्या, लॅपटॉपच्या माइकला मागे क्लार्क काकांनी पुकारलेला बोर्ड नंबरही ऐकू जातो.

मराठी टेक्स्ट युनिकोडमध्ये येतं हे पण सांगून ठेवते. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टची जुन्या फॉन्टमधली फाईल असेल तर त्यात पेस्ट करून उपयोग नाही, नवीन फाईल उघडा.

आणि इन्स्टॉल केल्यावर दोन गोष्टी बघा. हिस्टरीमध्ये शेवटची काही रेकॉर्डिंग्ज आवाजासकट साठवलेली असतात, चुकून टेक्स्ट गेलं तर परत मिळवायला चांगलं, पण चेंबरचा लॅपटॉप तिघांत वापरत असाल तर तिथली मर्यादा कमी करा नाहीतर काम झालं की पुसून टाका. दुसरं, पोस्ट-प्रोसेसिंग म्हणून एक सोय आहे, त्यात बाहेरच्या एआय कंपनीची एपीआय की (तिची सेवा वापरायचा पासवर्डसारखा कोड) टाकली तर तुमचं टेक्स्ट सुधारायला तिच्याकडे जातं, म्हणजे ऑफलाइनचा सगळा मुद्दाच गेला. ती मुळात बंदच असते, अशिलाच्या कामाला बंदच राहू दे.